साउथडेल : शेतजमिनीवर उभारलेला गावचौक

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरच्या मिनेसोटा राज्यात हिवाळा चांगले चार-पाच महिने ठाण मांडून बसतो. पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. उन्हाळा लहान, पण दमट. वर्षभरात घराबाहेर पडून निवांत बाजारहाट करता येईल असे दिवस जेमतेम १२६, असा हिशेब तिथल्या व्यापाऱ्यांपुढे १९५० च्या दशकात मांडला गेला होता. मिनिआपोलिस शहराच्या दक्षिणेला एडिना नावाचं उपनगर आहे. तिथे ८ ऑक्टोबर १९५६ रोजी ‘साउथडेल सेंटर’ उघडलं, त्यामागे हा हिशेब होता. चहूबाजूंनी बंद, संपूर्ण वातानुकूलित आणि मधोमध मोठा अंगणचौक असलेलं हे आधुनिक काळातलं पहिलं उपनगरी शॉपिंग सेंटर. आज आपण ज्याला मॉल म्हणतो, त्याचा आराखडा इथे पक्का झाला.

पैसा डेटन कुटुंबाचा होता. मिनिआपोलिसच्या निकोलेट अव्हेन्यूवर १९०२ पासून त्यांचं भव्य डिपार्टमेंट स्टोअर होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाईक शहर सोडून उपनगरांत राहायला जाऊ लागलं. सरकारी हमीची गृहकर्जं मिळत होती, दारात मोटार आली होती, आणि १९५६ च्याच जूनमध्ये देशभर महामार्गांचं जाळं विणण्याचा कायदाही झाला. गिऱ्हाईक जाईल तिथे दुकान न्यायचं, असं डेटन बंधूंनी ठरवलं. एडिनातली ४६३ एकर जमीन हाती घेतली आणि आराखडा सोपवला व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाकडे.

साउथडेल समजून घ्यायचं तर हा माणूस समजून घ्यायला हवा. जन्म १९०३ चा, व्हिएन्नाचा. ज्यू कुटुंबातला. मूळ आडनाव ग्रूनबाउम. दिवसा वास्तुकला आणि संध्याकाळी राजकीय प्रहसनांचा रंगमंच, असं त्याचं तरुणपण गेलं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ग्रुएन अमेरिकेला निघून गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याने दुकानांच्या दर्शनी काचा आणि प्रवेशद्वारं अशी सजवली की रस्त्याने जाणारा थबकून आत शिरावा. पण मनात व्हिएन्ना होतं. पायी हिंडायची गल्ली, कॉफीचं टेबल, ओळखीच्या माणसाशी अवचित होणारी भेट. अमेरिकन उपनगरात यातलं काहीच नव्हतं. एकेक घर आपल्या हिरवळीवर सुटं उभं, आणि दुधाच्या बाटलीसाठीही मोटार काढायची. दुकानांच्या निमित्ताने माणसांना एकत्र यायला जागा करून द्यावी, हा त्याचा ध्यास होता. १९५४ मध्ये डेट्रॉइटजवळ त्याने ‘नॉर्थलँड’ हे उघड्या आकाशाखालचं मोठं केंद्र उभारलं होतं. मिनेसोटाच्या थंडीत तो प्रकार चालणार नव्हता. छप्पर घालणं भाग होतं.

छप्पर घातल्यामुळे बाकीचं पुष्कळ काही बदललं, आणि मला साउथडेलचा हा भाग सगळ्यांत रोचक वाटतो. मधल्या वाटेचं तापमान वर्षभर सुमारे २४ अंश सेल्सिअस ठेवलेलं असल्यामुळे दुकानांना दारं लावायची गरज उरली नाही. दर्शनी बाजू सताड उघडी ठेवता आली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून माणूस दमू नये म्हणून दुकानं दोन मजल्यांवर रचली. वाहनतळाला उतार असे दिले की वरच्या आणि खालच्या, दोन्ही मजल्यांवर बाहेरून थेट शिरता यावं. मग वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मागे पडत नाही. डेटनशी व्यापारात चुरस असलेल्या डोनाल्डसनलाही याच इमारतीत जागा मिळाली. दोन तुल्यबळ दुकानं दोन अंगांना ठेवली की गिऱ्हाईक एकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि वाटेतल्या लहान दुकानांचाही धंदा होतो. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये आजही हीच मांडणी दिसते.

मधला चौक हा ग्रुएनच्या जिव्हाळ्याचा विषय होता. वरून काचेतून येणारा उजेड, झाडं, फुलं, मासे असलेलं तळं, पाखरांनी भरलेला एकवीस फूट उंच पिंजरा, उपाहारगृहाची टेबलं. शिल्पकार हॅरी बर्टोइया याच्याकडून करवून घेतलेली धातूची ‘सोनेरी झाडं’ दोन मजले भेदून वर गेलेली. चौकाला नाव दिलं होतं ‘कायमच्या वसंताचं अंगण’. सुमारे दोन कोटी डॉलर खर्च, ७२ दुकानं, ५,२०० मोटारींची सोय. पहिल्याच दिवशी सुमारे ७५ हजार माणसं लोटली. देशभरच्या नियतकालिकांनी तोंड भरून कौतुक केलं. विरोधी सूर लावला तो थोर वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी. हा चौक आहे की रेल्वे स्टेशन, असं विचारून गावच्या रस्त्याचे सगळे दोष इथे आहेत, गोडवा मात्र नाही, असा शेरा त्यांनी मारला.

राइट यांच्या शेऱ्यापेक्षा गंभीर आक्षेप दुसरा आहे. हा चौक कोणाचा? एडिनाच्या जुन्या, प्रतिष्ठित ‘कंट्री क्लब’ वस्तीत १९२० च्या दशकापासून घरांच्या खरेदीखतांतच अट असे की गोऱ्यांखेरीज कोणाला घर विकायचं वा भाड्याने द्यायचं नाही. नोकर तेवढा चाले. अशा अटी न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तरी वस्तीचा रंग त्यामुळे लगेच बदलला नाही. शिवाय इथे पोहोचायला मोटार हवी. लोकांचा चौक म्हणून आखलेल्या जागेत लोकांपैकी किती जण येऊ शकत होते, हे साउथडेलच्या गौरवगाथेत सहसा येत नाही. ते यायला हवं.

दुसरी गोष्ट राहून गेली ती जमिनीची. ग्रुएनच्या मूळ आराखड्यात शॉपिंग सेंटर हा फक्त गाभा होता. भोवती घरं, शाळा, बाग, तळं, दवाखाने, कचेऱ्या असं अख्खं गाव त्याने रेखाटलं होतं. गाभा बांधला गेला आणि आसपासच्या जमिनीचा भाव वधारला. काही गोष्टी आल्या, इस्पितळ आलं. पण आखलेलं गाव कधी बांधलंच गेलं नाही. मोटारींच्या विस्तीर्ण मैदानात एकटी इमारत, असंच साउथडेलचं चित्र कित्येक दशकं राहिलं. पुढे देशभर या नमुन्याच्या नकला निघाल्या. १९५४ च्या करकायद्याने नव्या इमारतींवर घसाऱ्याची भरघोस सूट दिली होती, तिचाही या लाटेला मोठा हातभार लागला. ग्रुएन १९६८ मध्ये व्हिएन्नाला परतला. आपल्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या अनौरस पोरांना मी पोटगी देणार नाही, असं त्याने १९७८ मध्ये लंडनच्या भाषणात ठणकावलं. १९८० मध्ये तो वारला. त्याआधीच व्हिएन्नाच्या वेशीवरही एक अवाढव्य शॉपिंग सेंटर उभं राहिलं होतं.

मिनिआपोलिसच्या मध्यवस्तीने साउथडेलकडून धडा घेतला, ही बाजूही सांगितली पाहिजे. १९६२ पासून तिथे इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणारे काचेचे बंद पूल बांधले जाऊ लागले. १९६७ मध्ये निकोलेट अव्हेन्यू खासगी मोटारींना बंद करून चालणाऱ्यांसाठी मोकळा केला गेला. डेटन कंपनीने १९६२ मध्येच ‘टार्गेट’ हे स्वस्त दुकान काढलं. पुढे ते इतकं वाढलं की कंपनीनेच ते नाव घेतलं. साउथडेलला मात्र उतार लागला. १९९२ मध्ये शेजारच्या ब्लूमिंग्टनमध्ये प्रचंड ‘मॉल ऑफ अमेरिका’ उघडला, आणि नंतर ऑनलाइन खरेदी आली. २००० नंतर डेटनची पाटी उतरून आधी मार्शल फील्ड्सची आणि मग मेसीजची लागली.

गेल्या काही वर्षांत वाहनतळाच्या एका भागावर निवासी इमारती उभ्या राहिल्या, हॉटेल आलं, आणि जेसी पेनी या जुन्या दुकानाच्या जागी २०१९ मध्ये भलीमोठी व्यायामशाळा सुरू झाली. साठ वर्षं रेंगाळलेला ग्रुएनचा आराखडा असा तुकड्यातुकड्यांनी पुरा होतो आहे. आपल्याकडे मॉल आले ते उलट्या क्रमाने. मालाड काय, मुलुंड काय, वस्ती आधीच दाट होती, म्हणून निदान चालत किंवा रिक्षाने येणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्या दिवसापासून मिळालं. एवढ्यापुरतं आपलं बरं आहे.

मिनिआपोलिसला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांना मॉल ऑफ अमेरिका हमखास दाखवला जातो. त्यांनी अर्धा दिवस साउथडेललाही द्यावा. बर्टोइयाची सोनेरी झाडं पाहावीत, आणि मग बाहेर पडून फ्रान्स अव्हेन्यूच्या बाजूने पूर्ण परिसराला पायी एक फेरी मारावी.