कोर्टाचा कागद आला तर

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंच्या दाराला बेलिफाने कागद डकवला. ताईंनी तो काढला, घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला. नवरा वारलेला, मुलं लहान. "पोलीस नेतील का गं मला?" हे त्यांनी मला विचारलं ते तीन महिन्यांनी.

कागद होता समन्स. दिराने राहत्या घराच्या वाटणीचा दावा लावला होता. हे प्रकरण दिवाणी. घर, जमीन, पैसे, वाटणी यांचं भांडण दिवाणीत येतं आणि तिथे ताई होत्या प्रतिवादी, दीर वादी. आरोपी हा शब्द फौजदारीतला, म्हणजे मारहाण, चोरी, फसवणूक अशा गुन्ह्यांतला. ताईंनी तीन महिने स्वतःला आरोपी समजून काढले, झोप नाही की जेवण नाही.

समन्स म्हणजे 'तुमच्यावर दावा आहे, अमुक तारखेला येऊन तुमचं म्हणणं मांडा' असं कोर्टाचं बोलावणं. ते आलं म्हणजे आपण हरलो असं नव्हे. पण ते घ्यायचं टाळू नका. टाळलं तर ते दाराला लावून बजावलं गेलं असं कोर्ट धरू शकतं. वकिलाची नोटीस मात्र वेगळी. ती वकील पाठवतो, कोर्ट नाही. उत्तर तिलाही द्यावं.

काही शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात, तेच घात करतात. घरात आपण कैफियत मांडतो ती रडगाण्याची. कोर्टात कैफियत म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ते द्यायचं असतं, कोर्टाने सवलत दिली तर ९० दिवसांपर्यंत. गेलंच नाही कोणी, तर दावा एकतर्फी चालतो आणि समोरच्याचंच ऐकून हुकूमनामा होऊ शकतो. मग येते दरखास्त. ही विनंती नव्हे, हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घ्यायची कारवाई! आणि जामीन: कर्जाला राहतो तो जामीनदार वेगळा, आरोपीला मिळतो तो जामीन वेगळा. हा गोंधळ तर आमच्या बैठकीत दर महिन्याला होतो.

आता कुठलं कोर्ट कुठे? अमेरिकेत केंद्राची न्यायालयं वेगळी आणि राज्यांची वेगळी असतात. आपल्याकडे कायदे केंद्राचेही आहेत नि राज्याचेही, पण न्यायालयांची उतरंड एकच. चेक न वटल्याचा १८८१ चा कायदा केंद्राचा, भाडेकरूंचा १९९९ चा कायदा महाराष्ट्राचा. पुण्यात दोन्हींसाठी आधी इथल्याच न्यायालयांत जायचं. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालय, त्यावर मुंबई उच्च न्यायालय, सगळ्यात वर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. साताऱ्या-सांगलीच्या बायकांची मुंबईची फेरी वाचली. पुणे जिल्हा मात्र त्यात नाही, आपल्याला मुंबईच. खालच्या निकालावर वर दाद मागणं म्हणजे अपील. निकाल लागेपर्यंत काही करू नका असं कोर्टाने बजावणं म्हणजे मनाई हुकूम.

लोकअदालतीबद्दल एक सांगते, कारण तिथे सही करताना घाई होते. तिथे दोघांच्या संमतीने तडजोड होते, भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून कागद वाचून घ्या, समजला नाही तर दोनदा वाचून मागा. संमती नसेल तर सही करायची सक्ती नाही.

ताईंना आम्ही शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेलं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन करायचा तर १५१००. वकीलबाईंनी उशिराची कारणं देऊन अर्ज केला. कोर्टाने थोडा खर्च बसवला, पण कैफियत दाखल करून घेतली.

दावा अजून चालू आहे. समन्सवरचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ताईंच्या मुलीने मोबाइलवर टाकून ठेवलाय, पुढची तारीख तीच बघून सांगते. कागद आता पिठाच्या डब्याखाली नाही, रेशनकार्डाच्या पिशवीत असतो.