हस्तलिखिताचा पहिला वाचक
(द्वितीय वर्ष कला)

पुस्तक छापून हाती आले म्हणजे मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते. आतल्या पानावर प्रकाशकाचे, मुद्रकाचे, मुखपृष्ठकाराचे नाव असते. क्वचित मुद्रिते तपासणाऱ्याचेही आभार मानलेले असतात. एका माणसाचा उल्लेख मात्र बहुधा कोठेच सापडत नाही. तो म्हणजे, ते लेखन कागदांचा नुसता गठ्ठा असताना पहिल्यांदा वाचून ‘हे छापले पाहिजे’ किंवा ‘हे साभार परत पाठवा’ असे म्हणणारा. आपल्या वर्गात निदान पाच-सहा जणांच्या वह्या कवितांनी भरलेल्या आहेत. एका मैत्रिणीची तर अर्धी कादंबरी तयार आहे. तेव्हा हा पहिला वाचक कोण असतो आणि तो नेमके काय पाहतो, याची चौकशी करावीशी मला वाटली.

इंग्रजीत या कामाचा स्वतंत्र धंदाच आहे. त्याला लिटररी एजंट म्हणतात. आपल्या खानदेशात एजंट म्हटला की विम्याचा, नाहीतर केळीच्या गाड्या भरून देणारा. पुस्तकाचाही एजंट असतो हे ऐकून माझ्या वडिलांना हसू आले. पण काम तसे फारसे निराळे नाही. माल कोणाचा चांगला आहे आणि तो कोणत्या बाजारात जाईल, हे दोन्ही ज्याला कळते तो एजंट. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ए. पी. वॉट या गृहस्थाने हा व्यवसाय मार्गी लावला. लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून तो दहा टक्के घेई. आज तिकडे पंधरा टक्के हा सर्वसाधारण दर आहे. यातली मुख्य गोष्ट अशी की, एजंट लेखकाकडून आधी काहीच घेत नाही. पुस्तक प्रकाशकाने स्वीकारले, लेखकाला पैसे आले, तरच एजंटाला त्याचा वाटा. म्हणून तो वाचतानाच फार चोखंदळ असतो.

त्याच्याकडे संपूर्ण कादंबरी पाठवायची नसते. एक पानाचे पत्र, कथानकाचा थोडक्यात गोषवारा आणि सुरुवातीची दोन-तीन प्रकरणे, एवढेच बहुतेक जण मागतात. कादंबरी लिहून पुरी झालेली असावी, अशी मात्र अपेक्षा असते. गोषवाऱ्यात शेवटही सांगावा लागतो. मला याचे नवल वाटले होते, कारण शेवट आधीच कळला तर गंमत काय राहिली? पण एजंट गंमत म्हणून वाचत नाही. लेखकाला गोष्ट शेवटापर्यंत नेता आली आहे की अर्ध्या वाटेत हात टेकले आहेत, हे त्याला पाहायचे असते.

खरी परीक्षा पहिल्या पानावर होते. न मागता आलेल्या हस्तलिखितांचा ढीग एवढा असतो की पहिली दोन-तीन पाने पकड घेत नसतील तर चौथे पान उलटलेच जात नाही. ‘पुढे कादंबरी फार रंगते हो’ हे सांगायला लेखक तेथे हजर नसतो. त्या पानांत एजंट शोधतो तो आवाज. इंग्रजीत याच शब्दाने ते सांगतात. हा माणूस बोलतो आहे आणि हे दुसऱ्या कोणी असे बोलले नसते, अशी खात्री पटवणारा आवाज. त्यानंतर तो पाहतो की गोष्ट योग्य ठिकाणी सुरू झाली आहे का, की सूर्योदय, कोंबड्याचे आरवणे, मग नायकाचे दात घासणे असे सगळे सोसावे लागणार आहे. तिसरा विचार निव्वळ व्यवहाराचा: हे मी कोणाच्या टेबलावर ठेवू? लेखन चांगले आहे पण कोणत्या प्रकाशकाकडे न्यावे ते सुचत नाही, म्हणूनही एजंट नकार देतो. अशा नकाराने लेखन वाईट ठरत नाही. परंतु छापील चार ओळींच्या पत्रात हे कोणी समजावून सांगत नाही.

मराठीत असा एजंट का नाही? हिशेब करून पाहिला की उत्तर मिळते. समजा, तीनशे रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती निघाली आणि लेखकाला दहा टक्के मानधन ठरले. सगळ्या प्रती संपल्या तर लेखकाला मिळाले तीस हजार रुपये. त्याचे पंधरा टक्के म्हणजे साडेचार हजार. त्यासाठी वाचायचे, दुरुस्त्या सुचवायच्या, प्रकाशकाकडे खेटे घालायचे, आणि आवृत्ती संपायला किती वर्षे लागतील ते देव जाणे. एवढ्यात कोणाचे घर चालेल?

म्हणून आपल्याकडे एजंटाचे काम तुकड्यातुकड्याने निरनिराळ्या माणसांनी केले आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा संपादकांचा. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथा’ मासिकाचे राम पटवर्धन यांची नावे मराठीचा विद्यार्थी परीक्षेपुरती तरी ऐकतोच. ही मंडळी कथा नुसती निवडत नसत, तर काय जमले नाही ते पत्राने कळवून लेखकाकडून पुन्हा लिहून घेत. आज एखाद्या मासिकाकडून उत्तर आले तरी आपण धन्य होतो, तेथे कोणी आपल्या कथेवर पानभर पत्र लिहील ही कल्पनाच करवत नाही.

पण एकच दार आणि त्यावर एकच पारखी, यातही धोका असतोच. कितीही जाणता झाला तरी त्याचा कान ज्या आवाजांना सरावलेला असतो तेच त्याला आधी ऐकू येतात. १९६९ साली काही तरुण लेखकांनी मुंबईत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली ती याच रागातून. अनियतकालिके निघाली ती त्याच सुमारास. पुढे १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही पुस्तके ‘ग्रंथाली’ने काढली, म्हणजे वाचकांच्या चळवळीतून दुसरे दार उघडले. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. मला स्वतःला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. पटवर्धनांसारखा वाचक मिळणे हे भाग्य. परंतु ज्याची भाषाच त्यांच्या टेबलापर्यंत पोचत नव्हती त्याने काय करायचे?

हा प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांचाच आहे, आणि त्याची उत्तरेही येथेच सापडतात.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत. ती त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी आणि एक नातलग उतरून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही मुंबईला आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी ती वाचली मात्र, हे लोकांपुढे आलेच पाहिजे असे ठरवून टाकले. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक त्यांच्या प्रस्तावनेसह निघाले. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. या घटनेतली माणसे मोजून पाहा. गाणारी एक, लिहून घेणारे दोघे, वही घेऊन जाणारा एक आणि पारखणारा एक. इंग्रजीतला एजंट नेणे आणि पारखणे ही शेवटची दोन कामे करतो. पहिली दोन आपल्याच घरात झाली नसती तर अत्र्यांच्या हाती काय पडले असते?

लिहून घेणाऱ्यांची आपल्याकडे जणू परंपराच आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात आहेत. दुसऱ्याने मोलाचे न मानलेले कागद वाचण्याची चिकाटी राजवाड्यांइतकी कोणाजवळ होती?

बहिणाबाईंच्या वहीबद्दल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, भाषा बदलली गेली नाही. लेवा बोलीतले उच्चार, शब्द, क्रियापदे तशीच छापली. एखाद्या भल्या माणसाने ती पुस्तकी मराठीत ‘शुद्ध’ करून दिली असती तर अत्रे दोन पानांनंतर थांबले असते असे मला वाटते.

दुसरे उदाहरण ‘कोसला’चे. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे १९६३ साली पंचवीस वर्षांचे होते. मुंबईहून गावी परतून त्यांनी दोन-तीन आठवड्यांत ही कादंबरी लिहिली आणि पुण्याच्या देशमुख आणि कंपनीचे रा. ज. देशमुख यांनी ती त्याच वर्षी काढली. त्या वेळच्या कादंबरीच्या कोणत्याही मापात ती बसत नव्हती. धड कथानक नाही, मध्येच रोजनिशी, मध्येच इतिहासकाराचे सोंग, आणि खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचे तिरकस बोलणे. गोषवारा मागितला असता तर काय लिहिले असते? ‘मुलगा शिकायला जातो, नापास होतो, परत येतो.’ एवढ्यावर कोणी होकार दिला नसता. गोषवाऱ्याची पद्धत येथे लंगडी पडते हे इंग्रजी एजंटांनाही मान्य करावे लागेल. देशमुखांना जे ऐकू आले ते त्या मुलाचे बोलणे. नेमाड्यांना पुढे २०१४ सालचा ज्ञानपीठ मिळाला, पण १९६३ मध्ये ते कोणाला ठाऊक असणार?

ना. धों. महानोर यांचेही तसेच. अजिंठ्याच्या डोंगराकडले पळसखेडे हे त्यांचे गाव. जळगावला कॉलेज अर्धवट सोडून ते शेतीकडे वळले, आणि १९६७ साली ‘रानातल्या कविता’ मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढल्या.

आता आपल्या वह्यांकडे येऊ. आमच्या घरी अहिराणी बोलतात. घरात पुस्तक म्हणजे शाळेचे पुस्तक आणि पंचांग. त्यामुळे लिहायला बसले की आपली बोली बाजूला ठेवायची आणि कमावलेली भाषा अंगावर चढवायची, असे आम्हां बहुतेकांना वाटते. परिणाम असा होतो की, ज्याने दोन उन्हाळे केळीचे घड वाहिले तो मुलगा केळीच्या बागेला ‘निसर्गरम्य परिसर’ म्हणतो. घड कापताना चीक कपड्यावर पडला की डाग जन्मात जात नाही, ही त्याला पक्की ठाऊक असलेली गोष्ट वहीत कोठेच येत नाही. जिनिंगवर काम करणारी कथेतली आई ‘वत्सा’ म्हणून हाक मारते. घरी तीच आई ‘काय करी ऱ्हायना रे?’ म्हणून विचारते. पहिल्या वाचकाला ही दुसरी आई हवी असते. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणे बोलीत, अशी वाट पुष्कळांनी चोखाळली आहे. वाचकाला अहिराणी कळेल का, ही भीती बहिणाबाईंच्या पुस्तकाने सत्तर वर्षांपूर्वीच खोटी ठरवली आहे.

पाठवण्याच्या रीतीबद्दल दोन शब्द. आपल्या ग्रंथालयात जाऊन आपल्यासारखे लेखन कोणत्या प्रकाशकाने काढले आहे ते आधी पाहावे; एजंट जो ‘कोणाच्या टेबलावर’ हा विचार करतो तो मराठीत आपल्यालाच करायचा आहे. सोबतचे पत्र छोटे असावे. त्यात ‘लहानपणापासून मला लेखनाची आवड आहे’ हे वाक्य नसावे, कारण ते प्रत्येक पत्रात असते. मूळ प्रत कधीही देऊ नये.

आणि पैशांची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका मुलाकडे प्रकाशक म्हणवणाऱ्याने कवितासंग्रहासाठी पंचवीस हजार मागितले. कविता त्याने वाचल्याच नव्हत्या; नुसती पाने मोजली. आयएसबीएन क्रमांकाचे वेगळे पैसे लावले, जो भारतात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्या मुलाच्या वडिलांनी कापसाच्या पैशांतून रक्कम द्यायची तयारी केली होती. स्वखर्चाने पुस्तक काढणे हा गुन्हा नाही, पण मग तो छपाईचा व्यवहार आहे; त्याला निवड म्हणू नये. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तेथे निदान कोणीतरी वाचते. कोणी करारपत्र पुढे केले तर मुदत आणि मानधन हे रकाने कोरे ठेवून सही करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलेले नसेल तर ती मुदत पाच वर्षे धरली जाते.

पारखी लांब असला तरी पहिला वाचक जवळ मिळू शकतो. यंदा आम्ही चौघींनी एक प्रयोग केला. प्रत्येकीने आपल्या लेखनाची पहिली दहा पाने दुसऱ्या तालुक्यातल्या मुलीला द्यायची, आणि तिने जेथे वाचणे थांबवावेसे वाटले तेथे पेन्सिलीने रेघ मारायची. ‘छान आहे’ म्हणायला बंदी. माझ्या मैत्रिणीच्या कथेवर दुसऱ्याच पानावर रेघ आली. तिने ती दोन पाने काढली, गोष्ट बैलबाजारातून सुरू केली आणि बापाचे बोलणे सगळे अहिराणीत केले. गेल्या महिन्यात ती कथा एका मासिकाकडे टपालाने गेली. तीन महिन्यांत उत्तर कळवू असे त्यांनी अंकात छापले आहे.