घसरलेले इंजिन आणि अडलेली वाट

मालगाडी रुळांवरून घसरली की बातम्यांत आडवे पडलेले इंजिन दिसते, खोळंबलेल्या प्रवाशांचा संताप दिसतो आणि त्या संतापातून काही ठाम समजुती पक्क्या होत जातात. मोठी क्रेन आणली की काम उरकलेच. उशीर होतो तो ढिलाईमुळे. इंजिन बाजूला लोटणे म्हणजे सार्वजनिक मालमत्तेची नासाडी. आणि ते महिनोन्‌महिने पडून राहिले तर त्याला कोणी वाली नाही. या समजुती वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गल्लत आहे. वाट मोकळी करणे आणि इंजिन वाचवणे ही दोन निराळी कामे आहेत. दोन्हींचा क्रम निराळा, हिशेब निराळा, आणि पुष्कळदा एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय असते. ही फोड नीट केली की अपघातस्थळी दिसणाऱ्या बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो.

गैरसमज : १४० टनांची क्रेन १२३ टनांचे इंजिन सहज उचलते

डब्ल्यूएजी-७ आणि डब्ल्यूएजी-९ ही आपल्याकडच्या मालगाड्यांची नेहमीची विजेवरची इंजिने. दोन्हींचे मूळ वजन १२३ टन. डब्ल्यूएजी-९ची जड आवृत्ती १३२ टनांची आहे. रेल्वेच्या मोठ्या अपघात-क्रेनची क्षमता १४० टन असते, आणि अशा क्रेन बिहारमधल्या जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात बनतात. कागदावर हे गणित जमते. पण १४० टन ही क्षमता असते ती क्रेनचे आधारपाय पूर्ण पसरलेले, जमीन पक्की आणि ओझे क्रेनच्या अगदी जवळ असताना. ओझे जसजसे लांब, तसतशी क्रेन उलटण्याची शक्यता वाढते आणि तिची उचलण्याची ताकद झपाट्याने घटते. घसरलेले इंजिन मात्र बहुधा रुळांपासून दूर, भरावाच्या उतारावर कललेले असते. म्हणून क्रेन दोन्ही बाजूंनी आणाव्या लागतात, किंवा इंजिन आधी ओढून जवळ घ्यावे लागते, किंवा वरचा सांगाडा आणि खालच्या बोग्या, म्हणजे चाकांच्या चौकटी, सोडवून वेगवेगळे उचलावे लागतात.

शिवाय क्रेन स्वतः रुळांवरूनच येते. वाटेत उखडलेला मार्ग असेल तर तो आधी जोडायचा, मध्ये डबे पडले असतील तर ते आधी हटवायचे, मगच ती इंजिनापर्यंत पोचणार. पावसाने भराव भिजला असेल तर आधारपायांखाली लाकडी स्लीपरांची चळत रचावी लागते, नाहीतर ओझे उचलताना क्रेनच खचते. विजेच्या मार्गावर डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असते. प्रवाह बंद करून, तार जमिनीशी जोडून, गरज पडल्यास ती उतरवल्याशिवाय क्रेनचा हात वर करता येत नाही. डिझेल इंजिनाच्या टाकीत हजारो लिटर इंधन असते. विजेच्या इंजिनात ट्रान्सफॉर्मरचे तेल असते. गळती थांबवणे, बॅटऱ्या सोडवणे आणि वजनाचा मध्य ओळखून पट्टे बांधणे ही सारी कामे क्रेन चालू होण्याआधीची. उशीर झाला असे बाहेरून वाटते, तेव्हा बहुतेक वेळ याच तयारीत गेलेला असतो.

गैरसमज : क्रेन नाही तर काम नाही

सगळे लक्ष क्रेनकडे जात असले तरी इंजिन पुन्हा रुळांवर चढवण्याचे पुष्कळसे काम हायड्रॉलिक जॅक करतात. अपघाताचा भोंगा वाजला की अपघात मदत गाडी ठरावीक मिनिटांत निघाली पाहिजे, असा रेल्वेचा दंडक आहे, आणि त्या गाडीत क्रेन नसली तरी हे जॅक असतातच. इंजिनाच्या चौकटीवर जॅक लावण्याच्या जागा ठरलेल्या असतात. तिथे उचलायचे, खाली पोलादी आडवा पूल सरकवायचा, त्यावरच्या चाकगाड्यावर वजन घेऊन इंजिन इंचाइंचाने रुळांच्या रेषेत आणायचे आणि खाली सोडायचे. चाके रुळांपासून हातभर दूर असतील आणि इंजिन उभे असेल तर ही रीत क्रेनपेक्षा जास्त सुरक्षित ठरते. तिला वरची मोकळी जागा फारशी लागत नाही. शेजारचा मार्ग अडत नाही. कर्जत–लोणावळा किंवा कसारा–इगतपुरी घाटात, जिथे चढ १:३७ आहे आणि बोगद्यांमागून बोगदे आहेत, तिथे क्रेनला हात फिरवायलाच जागा नसते. अशा ठिकाणी जॅक आणि ते हाताळणारी सरावलेली माणसे हाच खरा आधार असतो.

गैरसमज : इंजिन बाजूला लोटणे म्हणजे नासाडी

कोट्यवधी रुपयांचे यंत्र दोरखंडांनी ओढून रुळांच्या कडेला लवंडवले जाताना पाहून वाईट वाटणे साहजिक आहे. पण इथे दोन नुकसानींची तुलना करायची असते. २ जून २०२४ रोजी पंजाबातल्या सरहिंदजवळ एका मालगाडीने उभ्या मालगाडीला मागून धडक दिली. उलटलेले इंजिन शेजारच्या मार्गावर गेले आणि तिथून जाणाऱ्या प्रवासी गाडीला घासले. दोन लोको पायलट जखमी झाले. एक इंजिन आडवे झाले की अनेक मार्ग बंद होतात, ते असे. त्यामागे कोळसा, धान्य, सिमेंट, प्रवासी सगळेच अडकून पडतात. इंजिनाचे मुख्य नुकसान तर घसरतानाच झालेले असते. ते अलगद उचलण्यासाठी मार्ग आणखी दोन दिवस अडवला तर इंजिनात वाचणाऱ्या रकमेपेक्षा बाहेरचा तोटा कितीतरी मोठा होतो. म्हणून त्याला धावत्या गाडीच्या हद्दीबाहेर सरकवायचे, मार्ग जोडायचा, मंद वेगाने वाहतूक सुरू करायची आणि नंतर सवडीने ब्लॉक घेऊन इंजिन काढायचे, हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असतो.

गैरसमज : घाईने मार्ग मोकळा केला की पुरावा पुसला जातो

हा आक्षेप मात्र हलका नाही. मार्ग उघडण्याचे दडपण असते आणि जे तपासायचे तेच हलवले जाते, ही भीती रास्त आहे. म्हणूनच ढिगाऱ्याला हात लागण्याआधी वेगवेगळ्या विभागांचे पर्यवेक्षक मिळून घटनास्थळाची नोंद करतात. चाक रुळावर कुठे चढले, कुठे खाली उतरले, मागच्या मार्गात रुळांतले अंतर किती, एक रूळ दुसऱ्यापेक्षा किती वर-खाली, चाकांची झीज किती, याची मोजमापे घेतली जातात, छायाचित्रे काढली जातात. इंजिनातल्या वेगनोंदणी यंत्रातली माहिती स्वतंत्रपणे काढून घेतली जाते. ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकात २ जून २०२३ रोजी झालेल्या भीषण अपघातात कोरोमंडल एक्स्प्रेसचे इंजिन लोहखनिजाच्या मालगाडीवर चढले होते. साधारण ५१ तासांत तिथून पहिली मालगाडी गेली. तरीही रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीला मूळ दोषापर्यंत पोचता आले, कारण तो सिग्नल यंत्रणेच्या जोडणीत होता आणि तिच्या नोंदी शाबूत होत्या. अर्थात यावरून घाई नेहमीच निर्धोक असते असा निष्कर्ष निघत नाही. दोष चाकात किंवा रुळात असेल तर तो तुकडा जपून ठेवला नाही की चौकशी पंगू होते. तेव्हा आग्रह धरायचा तो नोंद पुरी झाल्याशिवाय काही न हलवण्याचा. काम सरसकट थांबवून ठेवण्याने तो हेतू साधत नाही.

गैरसमज : पडून राहिलेले इंजिन बेवारस असते

या समजुतीला सर्वांत स्पष्ट उत्तर स्कॉटलंडमधल्या एका घटनेने दिले आहे. २८ जून २०१२ रोजी मुसळधार पावसात दरड कोसळून वेस्ट हायलँड मार्गावर, लॉख ट्रेग या जलाशयाकाठी ॲल्युमिना नेणारी मालगाडी घसरली. सुमारे १२६ टनांचे क्लास ६६ डिझेल इंजिन मार्ग सोडून पाण्याच्या दिशेने उतारावर गेले. चालक बचावला. तिथे वाहन नेता येईल असा रस्ता नव्हता, मार्ग एकेरी, क्रेनचे पाय रोवायला सपाट जागा नव्हती, आणि खाली जलविद्युत प्रकल्पाचा तलाव. इंजिन झाकून ठेवले, मार्ग दुरुस्त केला, आणि कित्येक महिने गाड्या त्या इंजिनाच्या वरच्या अंगाने, शेजारूनच जात राहिल्या. अखेर २०१३ मध्ये ते जागेवरच कापून तुकड्यातुकड्यांनी नेण्यात आले. यात कोणी त्याला विसरले नव्हते. इंजिन काढण्याचा खर्च आणि धोका त्याच्या किमतीशी ताडून पाहिला गेला आणि उत्तर नकारार्थी आले. ते इंजिन सपाट यार्डात लवंडले असते तर उत्तर निराळे येऊ शकले असते. म्हणजे इंजिनाचे भवितव्य ते किती मोडले यावर जितके ठरते, तितकेच ते कुठे पडले यावरही ठरते.

उलट टोकाची समजूतही चुकीची आहे : चाके रुळांवर टेकली की इंजिन चालू लागते. ब्रॉडगेज मार्गावरच्या इंजिनाच्या दोन चाकांच्या आतल्या कडांमधले अंतर १५९६ मिलिमीटर असावे लागते. धडकेने चाक आसावर किंचित सरकले तरी पुढच्या सांध्यावर ते पुन्हा घसरू शकते. आसांना तडे, बेअरिंग, ब्रेकचे लोंबते भाग, मोटारींचे टेकू हे सारे तपासून मगच इंजिन बंद अवस्थेत, मंद वेगाने ओढून नेतात. एखादे चाक फिरतच नसेल तर त्याखाली वेगळी चाकगाडी बसवतात. शेडमध्ये, किंवा भुसावळसारख्या विद्युत इंजिन कारखान्यात उघडून पाहिल्यावरच दुरुस्ती की मोडीत, हे ठरते. मोडीत निघाले तरी त्याच्या मोटारी, चाके, ट्रान्सफॉर्मर यांतले जे धड असेल ते दुसऱ्या इंजिनांच्या कामी येते.

यावर एक प्रश्न उरतो : या कारणांच्या आड खरी हयगय लपत नाही का? लपू शकते, आणि म्हणूनच नागरिकांनी नेमके प्रश्न विचारायला हवेत. इंजिन अजून तिथेच का, याला शंभर सबळ कारणे असू शकतात. पण मदत गाडी वेळेत निघाली का, क्रेनची देखभाल झाली होती का, जॅक चालवणाऱ्यांचा सराव किती, मार्ग उघडण्याआधी मोजमापे पूर्ण झाली का, या प्रश्नांची उत्तरे नोंदींत सापडतात आणि ती टाळता येत नाहीत. असेच प्रश्न अपघात टाळण्याबद्दलही विचारायला हवेत. लॉख ट्रेगकाठी आणि आपल्या घाटांत पाऊस एकच काम करतो : उतार भिजतो आणि दरड सुटते. तिथे गटारे, जाळ्या आणि गस्त यांवर केलेला खर्च कोणत्याही क्रेनपेक्षा मोलाचा आहे, कारण उतारावर गेलेले इंजिन परत आणण्याचा स्वस्त मार्ग जगात कोणालाही सापडलेला नाही.