टकळी, कासव आणि मोबाइलमधली हिरवी खूण

वणीतल्या एखाद्या घरात पोर मोबाइलवर गणितं सोडवत असेल, तर दोन मिनिटं शेजारी बसून पाहा. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, टिंग असा आवाज, वर गुण. चुकलं की लाल फुली. अ‍ॅप म्हणजे असंच असायचं, असं आपण धरूनच चालतो. पण ही हिरवी खूण आभाळातून पडलेली नाही. मूल कसं शिकतं याबद्दल कुणीतरी मनाशी पक्की केलेली एक समजूत तिच्यामागे उभी आहे.

11 नोव्हेंबर 1953. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीचा चौथीचा वर्ग पाहायला गेले होते. गणिताचा तास चालू होता. काही मुलं कधीच मोकळी होऊन चुळबुळत होती, काही पहिल्याच उदाहरणाशी अडली होती, आणि बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. स्किनर प्रयोगशाळेत कबुतरं शिकवत. हवी ती हालचाल झाली की त्याच क्षणी दाणा. मग कबुतर ती हालचाल पुन्हा करतं. दाणा उशिरा पडला तर शिकणं बिघडतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी लगोलग एक पेटी बनवायला घेतली: एका वेळी एक प्रश्न, छोटी पायरी, लगेच निकाल, ज्याचा त्याचा वेग. आजच्या अ‍ॅपचा सांगाडा तोच. त्याच्याही आधी, 1920च्या दशकात, सिडनी प्रेसी यांनी पर्यायांच्या प्रश्नांचं यंत्र केलं होतं आणि त्याला बरोबर उत्तरांसाठी गोड गोळी देणारा जोड बसवला होता. आपले गुण आणि तारे त्या गोळीचेच वंशज.

दुसरी समजूत याच्या अगदी उलट. गणितज्ञ सेमोर पॅपर्ट 1958 ते 1963 जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यासोबत होते. मूल ज्ञान घेत नाही, ते स्वतः उभारतं, हे पियाजेंचं म्हणणं. मग मुलाला उभारायला काही द्यायला नको का? पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी 1967 मध्ये ‘लोगो’ ही संगणकभाषा केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. ‘100 पावलं पुढे, 90 अंश उजवीकडे’ असं चार वेळा सांगितलं की ते चौरस काढतं.

आता त्याला समभुज त्रिकोण काढायला सांगा. त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, म्हणून मूल लिहितं: 60 अंश वळ. कासव निमूट तीन बाजू काढतं, पण त्रिकोण होत नाही. पडद्यावर अर्धा षटकोन उभा! लाल फुली नाही, रागावणं नाही. मूल उठतं, फरशीवर स्वतः चालून पाहतं आणि त्याला कळतं की वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, 120 अंश. तीन वेळा 120, चार वेळा 90, सहा वेळा 60: दर वेळी 360. हे पहिल्यांदा उमगतं तेव्हा अंगावर काटा येतो. चुकीच्या आकड्यानेच षटकोनाचं गुपित सांगितलेलं असतं.

हे सगळं परदेशातलं वाटेल. पण वणी तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या नदीवरून ज्या गावाचं नाव पडलं, त्या वर्ध्यात ‘लोगो’च्या तीस वर्षं आधी, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी, एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी. तिथून डॉ. झाकिर हुसेन समितीचा आराखडा आला आणि नई तालीम सुरू झाली: सात वर्षं, मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधाराने. आणि मुलाच्या हाती आली सूत कातायची टकळी.

टकळी हे शिकण्याचं यंत्रच आहे. पेळूतून कापूस जास्त सुटला की सूत जाड, पीळ कमी पडला की तुटलं. निकाल त्याच क्षणी बोटांना कळतो. स्किनरना हवं होतं तेच, पण इथे बक्षीस नाही, फक्त सूत. मग हिशेब. चार फुटांची एक तार, 640 तारांची गुंडी. म्हणजे 2,560 फूट, सुमारे 853 यार्ड. एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तो सुताचा अंक. सूत बारीक तर अंक मोठा. व्यस्त प्रमाण मुलाच्या तळहातावर तोलून दिसतं. तोच कापूस कुठल्या मातीत येतो, कुठल्या गिरणीत गेला, विणकर का बुडाला, हा भूगोल आणि इतिहास त्याच धाग्याला बांधलेला.

जिथे शाळेने सुताचा कोटा मोजायला घेतला आणि प्रश्न विचारणं सोडलं, तिथे मात्र टकळी नुसती मजुरी झाली. हे नाकारून चालणार नाही. उपकरणामागची समजूत गळून पडली की उपकरण उरतं.

मग कासव आणि टकळी मागे पडून मोबाइलमध्ये हिरवी खूणच का जिंकली? माझ्या मते कारण साधं आहे: बरोबर उत्तरं मोजणं यंत्राला फार सोपं जातं. अर्धा षटकोन पाहून मूल काय विचार करत होतं हे ओळखणं त्याला अवघड. मोजता येतं ते विकता येतं, आलेखात दाखवता येतं, पालकांच्या फोनवर पाठवता येतं. पण वणीच्या बाजारात बापासोबत कापसाची गाडी घेऊन आलेलं पोर वजन, वजनातली कट्टी आणि भाव यांचा जो हिशेब डोक्यात करतं, तो त्या आलेखात कुठेच येत नाही. उत्तम अ‍ॅप घडवणाऱ्यांनी त्याच्याशेजारी एक सकाळ उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.