आपल्याच गव्हाचा आग्रह सोडताना

कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा या गव्हाच्या प्रांतांत सुगीला एकाच शेतात अनेक शेतकऱ्यांचे हार्वेस्टर एकदम उतरतात. जमीन कुणी वापरायला दिलेली असते, बियाणे दुसऱ्याचे, डिझेल तिसऱ्याचे; पिकाचा पैसा मात्र यांच्यापैकी कुणाच्याच घरी जात नाही. तो ‘कॅनेडियन फूडग्रेन्स बँके’कडे जातो. पंधरा ख्रिस्ती संस्थांनी मिळून चालवलेल्या या बँकेचे मुख्यालय विनिपेगला आहे. स्थापना १९८३ची असली, तरी मूळ आहे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मदतसंस्थेने १९७६ मध्ये सुरू केलेल्या धान्यबँकेत. १९२०च्या दशकाच्या आरंभी युक्रेन आणि दक्षिण रशियातल्या दुष्काळात या पंथाची असंख्य कुटुंबे उत्तर अमेरिकेतल्या धर्मबांधवांनी पाठवलेल्या अन्नावर जगली. त्यांतली बरीच पुढे कॅनडात येऊन शेतकरी झाली. दुरून आलेल्या घासाचे मोल या समाजाला ठाऊक होते.

तरीही या बँकेचे खरे मोठेपण मला तिने धान्य गोळा करण्यात दिसत नाही. ते धान्य आपलेच असावे हा आग्रह तिने सोडला, यात दिसते. २००५ पर्यंत कॅनडाच्या सरकारी अन्नमदतीतला नव्वद टक्के माल कॅनडातच खरेदी करावा लागे. अशा नियमामागचा हिशेब भारताला नवा नाही. आपल्याकडे आलेला पीएल ४८०चा गहू ज्या १९५४च्या अमेरिकी कायद्याने आला, त्याचा एक उघड हेतू तिथल्या जादा पिकाला वाट काढून देणे हा होता. समुद्रापलीकडचा गहू पोचायला महिने लागतात, वाहतुकीत पैसा जिरतो आणि शेजारच्या जिल्ह्यात धान्य शिल्लक असेल, तर तिथल्या शेतकऱ्याचा भाव पडतो. म्हणून हा नियम बदलावा यासाठी फूडग्रेन्स बँकेने प्रयत्न केले. २००५ मध्ये अट पन्नास टक्क्यांवर आली, २००८ मध्ये पूर्ण गेली. स्वतः गहू पिकवणाऱ्यांच्या संस्थेने ‘आमचाच गहू घ्या’ असे म्हणणे सोडावे, ही साधी गोष्ट नाही. दान इथे न्यायाकडे वळले.

यावर आक्षेप आहेत. पीक विकून पैसाच पाठवायचा, तर थेट देणगी का नको? शेतकऱ्याकडे रोकड नेहमीच नसते. जमीन, यंत्र आणि अंगमेहनत असते. शिवाय एकत्र पेरणाऱ्या गावाला जगाच्या भुकेचे कारण समजून घ्यावेसे वाटते, आणि धोरण बदलायला असेच लोक लागतात. दुसरा आक्षेप आपल्याकडे हमखास येईल: अन्नाच्या आडून धर्मप्रसार तर नाही? गरज हाच निकष, धर्म विचारायचा नाही, हे बँकेचे जाहीर तत्त्व आहे. तिला याच कसोटीवर तपासत राहावे. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत बँकेच्या एका डॉलरमागे कॅनडा सरकार चार डॉलर घालते. मग सरकारला खडसावणार कसे? ही अडचण खरी आहे. पण अन्नमदतीचा नियम बदलण्याची मागणी बँकेने सरकारी पैसा घेत असतानाच केली. मिंधेपणाचा धोका त्यामुळे संपत नाही. तो टाळता येतो एवढे मात्र सिद्ध होते.

स्थानिक खरेदीही सरसकट योग्य नसते. जिथे पीकच बुडाले, तिथे बाहेरच्या संस्थेने बाजारात उतरणे म्हणजे गरिबासाठी भाव चढवणे. तिथे धान्य बाहेरूनच आणावे लागते. आणि दोन्ही मार्गांनी आजची भूक भागली, तरी पुढच्या हंगामाचे काय? म्हणून बँकेने इथिओपिया, केनिया, टांझानियात लहान शेतकऱ्यांसोबत संवर्धन शेतीचे काम केले: नांगरट कमी, जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन, पिकांची फेरपालट आणि आंतरपीक. ओल टिकते, माती वाहून जात नाही, कमी पावसातही काही हाती लागते. अन्नमदत देणाऱ्या प्रत्येक संस्थेला, ती कुठल्याही धर्माची असो, दोन प्रश्न विचारायला हवेत: आपल्या मदतीने तिथल्या शेतकऱ्याचा बाजार टिकतो का, आणि त्याची जमीन सुधारते का? या दोन प्रश्नांपुढे स्वतःच्या मालाचा अभिमान बाजूला ठेवणारी संस्थाच भुकेल्याला आपल्या बरोबरीचा मानते.