केडगावच्या मुलींची वरदानं

पेंटेकॉस्टचा सण आला की आमच्या वसईत पवित्र आत्म्याच्या वरदानांवर प्रवचनं होतात. प्रार्थनागटांत बायका हात उंचावून, मोठ्यानं, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करतात. एखादी कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलू लागते. मग ओट्यावर चर्चा ठरलेली. कुणी म्हणतं, ‘‘हे अमेरिकेतलं खूळ, आपल्यात नव्हतं असलं काही.’’ दुसरं कुणी म्हणतं, ‘‘देवी अंगात येते त्यातलाच प्रकार, ख्रिस्ती बाईला शोभत नाही.’’ एकाला ते फार परकं वाटतं, दुसऱ्याला फारच देशी! बायकांचा आवाज जरा चढला की दोन्हीकडून बोल लागतात, हे मात्र खरं.

अमेरिकेचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कॅथलिक चर्चमधली करिश्माटिक चळवळ १९६७ साली तिथल्या पिट्सबर्ग शहरातल्या विद्यार्थ्यांच्या तपसाधनेतून सुरू झाली. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंडजवळच्या केडगावला काय घडलं होतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

पंडिता रमाबाई आपल्याला भेटतात त्या शाळेच्या पुस्तकात. शारदा सदन, विधवांचं शिक्षण, झालं! केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली होत्या, बालविधवा होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली. जूनच्या अखेरीस एका रात्री एक मुलगी आत्म्यानं अशी भारली गेली, की तिच्याभोवती आग दिसली म्हणून शेजारची पाण्याची बादली आणायला धावली, असं तेव्हाच्या वृत्तांतात आहे. पुढचे कित्येक दिवस वर्ग बाजूला राहिले, मुली रडत होत्या, चुका कबूल करत होत्या, प्रार्थना करत होत्या. पुढच्या वर्षी काही जणी अन्य भाषांतही बोलू लागल्या. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांच्या तोंडून इंग्रजी प्रार्थना ऐकल्याचं दौंडचे मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी लिहून ठेवलं आहे.

ज्यांचं तोंड पाहणंही अपशकुन मानलं जाई, त्या ह्या मुली. त्यांच्या तोंडून देव बोलतो, असं आता लोक म्हणू लागले!

आणि गंमत पाहा. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी ह्या घटनांवर एक पुस्तिका लिहिली आणि ती चिली देशात राहणाऱ्या आपल्या मैत्रिणीला, मे हूव्हरना पाठवली. तिथे १९०९ साली उभ्या राहिलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला ती प्रेरणा ठरली. म्हणजे केडगावचं वारं परदेशी गेलं होतं, नुसतं परदेशाहून इथे आलेलं नव्हतं.

ह्या गोंगाटावर तेव्हाही टीका झाली. रमाबाईंचं उत्तर मला फार आवडतं. भारतीय माणसाला देवानं जसं घडवलंय, त्याच्या स्वभावाला आणि भावनांना रुचेल तशीच जागृती त्याच्याकडे येऊ द्या, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पुराणिक आईवडिलांबरोबर देशभरच्या तीर्थांतून पायपीट केलेली ती बाई. भक्तीचा आवाज आपल्याकडे कसा असतो, हे तिला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता अंगात येण्याबद्दल. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. अंगात आलेल्या बाईच्या पाया पडतात, कारण त्या घटकेला ती देवी असते. पौलानं मात्र करिंथकरांना ताकीद दिली होती, एकेकानं बोला, अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहा. पण वर्षभर जिचं घरात कुणी ऐकत नाही, तिचं निदान एक दिवस सगळे ऐकतात, एवढं दोन्हीकडे सारखं आहे. नाकं मुरडण्याआधी ह्याचा विचार व्हावा.

आपल्या मातीतलं सगळंच मात्र उचलू नये. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो तुकोबांचा देवानुभव. त्या तुकोबांनीच नवसानं पोरं होतात ह्या समजुतीची टर उडवली होती. घरोघरी जाते तेव्हा मला काळजी वाटते ती ह्याचीच. ‘‘प्रार्थनेनं बरं वाटतंय’’ म्हणून साखरेच्या, फिटच्या गोळ्या परस्पर बंद केलेल्या बायका भेटतात. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणं हा राज्याच्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. पण गोळ्यांचं डबडं कपाटात मागे सरकवलं गेलं, तर ते शेजारणीनंच पाहायला हवं. पौलाच्या यादीत रोग बरे करण्याच्या वरदानाबरोबर ज्ञानाचंही वरदान आहे, हे मी त्यांना सांगते. काही ऐकतात, काही माझ्यावर रुसतात.

मुक्तीत अन्य भाषा बोलता येणं ही कुणाच्या भक्तीची कसोटी कधीच नव्हती. स्वतः रमाबाई ज्या परक्या भाषांच्या मागे लागल्या त्या हिब्रू आणि ग्रीक, आणि त्याही रीतसर अभ्यास करून. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत त्यांना बायबल आणायचं होतं. ते काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ मध्ये ते पुस्तक बाहेर आलं. त्याच्या छपाईचे खिळे जुळवले होते मुक्तीतल्याच बायकांनी.