चुंबक, वीज आणि जमिनीची ओढ



अंधेरीला नोकरीला असलेला गावचा मुलगा सणाला घरी येतो आणि मोबाईलवर एक चित्रफीत दाखवतो. एक मोठे चाक, त्याला चुंबके आणि वजने लावलेली. गुरुत्वाकर्षण आणि वीज मुळात एकच, म्हणून हे चाक फुकटात फिरते आणि पाच अश्वशक्तीचा पंप चालवते म्हणे! आगाऊ रक्कम भरली की यंत्र विहिरीवर पोहोच. रात्री-अपरात्री दारे धरून कंटाळलेल्या माणसाला मोह होणारच. पण पैसे मोजण्याआधी एवढे वाचा.

मूळ कल्पना वेडगळ नाही. वीज आणि चुंबक ही सख्खी भावंडे. तारेतून वीज सोडली की होकायंत्राची सुई हलते, हे अर्स्टेडने 1820 साली दाखवले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजमापे बिघडतील म्हणून 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. मात्र विजेने सुई हलते, वजन हलत नाही. आज अंधेरीत 25,000 व्होल्टच्या तारेखाली लोकल धावते. शेजारच्या भाजीवाल्याच्या काट्यावर किलोचा किलोच भरतो.

मग गुरुत्वाकर्षण हे तिसरे भावंड आहे का? फॅरडेने 1849 साली तारेची वेटोळी घेऊन जड वस्तू उंचावरून सोडल्या आणि वीज उमटते का ते पाहिले. उमटली नाही. संबंध असावा असे त्याला मनापासून वाटत होते, तरी पुरावा मिळाला नाही हे त्याने छापून सांगितले. केवढा सरळ माणूस! पुढे आइन्स्टाइनने आयुष्याची अखेरची वर्षे याच शोधात घालवली. आपल्या कोल्हापूरचे दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह 1964 साली विद्युतशास्त्रातील एका मांडणीचा धागा धरून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यावर जगभर चर्चा झाली, पण आइन्स्टाइनचा सिद्धांत काही मागे पडला नाही.

आणि उद्या हे नाते सापडले, तरी फुकटची वीज मिळेल असे नाही. कोयनेला पडत्या पाण्यावर वीज होते हे खरे. पण ते पाणी ढगात चढवून ठेवतो सूर्य. हिशेब करून पाहा. एक युनिट विजेसाठी 10,000 लिटर पाणी सुमारे 37 मीटरवरून, म्हणजे अंधेरीतल्या बारा मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडावे लागते. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला निदान पावणेचार युनिटे खातो. चाकावरचे वजन खाली येताना जेवढे देते, तेवढे वर चढताना परत घेते. घर्षणात जाते ते वेगळेच. चुंबकाचेही तसेच, जवळ ओढताना देतो आणि सुटताना वसूल करतो.

तरीही विक्रेता दारी आलाच, तर त्याला एवढेच म्हणा: यंत्र आमच्या विहिरीवर मांडा, पेटी उघडून आत बॅटरी नाही हे दाखवा, बाहेरची एकही तार न जोडता आठ दिवस पाणी काढा. पैसे नवव्या दिवशी.